डॉक्टरांचे फेरशिक्षण आणि न्यू मेक्सिको
पदवी हाती आली, नोंदणी झाली की डॉक्टरने पुढे काही शिकावे की नाही, हे बराच काळ ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९३६ साली व्यवसायात असलेल्यांसाठी निवासी अभ्यासवर्गांचे केंद्र उघडले. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांची संघटना स्थापन झाली आणि तिने सभासदत्व टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत १५० तासांच्या शिक्षणाची अट घातली. कायद्याचा बडगा मात्र १९७१ मध्ये आला. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी असे शिक्षण सक्तीचे करणारे पहिले राज्य न्यू मेक्सिको. पुढे इतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला.

सक्तीने तास भरले. पण व्याख्यान ऐकून गेलेला डॉक्टर दवाखान्यात काही वेगळे करतो का, हा प्रश्न उरलाच. कॅनडातील डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवरचे प्रयोग तपासले. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या कामात फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. चर्चा आणि प्रत्यक्ष सराव असेल तिथे तो पडू शकत होता. तासांची मोजणी सोयीची असल्यामुळेच ती इतकी रुजली होती, असे म्हणावे लागते.

यातून वाट निघाली तीही न्यू मेक्सिकोतच. अल्बुकर्कच्या विद्यापीठ रुग्णालयात यकृतविकारतज्ज्ञ संजीव अरोरा यांच्याकडे हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावे लागे, आणि कित्येक जण शेकडो किलोमीटरवरून येत. त्या वेळी उपचार म्हणजे आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या, तेही सहा महिने ते वर्षभर. हिमोग्लोबिन घसरे, मनावर मळभ येई. त्यामुळे गावातला डॉक्टर या उपचाराला हात घालायला धजत नसे.

अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. गावोगावचे डॉक्टर आणि परिचारिका ठरलेल्या वेळी व्हिडिओवर एकत्र येत. रुग्णाचे नाव न सांगता एकेक जण आपला रुग्ण मांडी: वय, विषाणूचा प्रकार, रक्ताचे अहवाल, चालू असलेली इतर औषधे, मनःस्थिती. अल्बुकर्कचे यकृतविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ प्रश्न विचारत, डोस कमी करायचा की थांबवायचा ते सगळ्यांसमोर ठरे. रुग्ण मात्र त्याच डॉक्टरकडे राही. एकाची अडचण इतर सगळे ऐकत, आणि पुढच्या महिन्यात तसाच रुग्ण त्यांच्यासमोर आला की काय करायचे ते त्यांना ठाऊक असे.

निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ४०७ रुग्ण होते; त्यांतले विद्यापीठाच्या क्लिनिकमधले ५७.५ टक्के विषाणूमुक्त झाले, तर १६ ग्रामीण-स्थानिक केंद्रे आणि पाच तुरुंगांतील दवाखाने मिळून तिथले ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम उलट या केंद्रांतच कमी निघाले. डॉक्टरच्या शिक्षणाचे माप रुग्णाच्या बरे होण्यात घेतले गेले, हे या अभ्यासाचे खरे मोल. त्यानंतर ही पद्धत मधुमेह, क्षयरोग, मानसिक आजार यांपर्यंत गेली.

भारतात वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत दर पाच वर्षांत ३० तासांच्या शिक्षणाचा उल्लेख आला, आणि महाराष्ट्रातले डॉक्टरही नूतनीकरणासाठी क्रेडिट पॉइंट जमवतात. वैद्यकीय संमेलनांच्या सभागृहांत हे पॉइंट आजही मुख्यतः हजेरीवर मिळतात. दुसरीकडे, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने इकोच्या धर्तीवर जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीच्या रुग्णांवरील चर्चेत जोडून घेतले आहे.