पाटणचे निकुंभ आणि चांगदेवाचा मठ

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने निघाले म्हणजे लोणी काळभोर मागे पडताच डावीकडे थेऊरचा फाटा लागतो. मुळामुठेच्या काठी वसलेल्या त्या गावी चिंतामणीचे देऊळ आहे. ते चिंचवडच्या देव घराण्यातील धरणीधर महाराजांनी बांधिले अशी परंपरा आहे, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याला सभामंडपाची जोड दिली हे सर्वश्रुत आहे. त्याच ठिकाणी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवरावांनी देह ठेविला. बांधणाराचे नाव अशा ठिकाणी पोरासोरांच्याही तोंडी असते. परंतु नंदादीपाला तेल कोणाच्या घाण्यातून आले आणि नैवेद्याचा तांदूळ कोणाच्या शेतात पिकला, हे सहसा कोणी विचारीत नाही. धर्मस्थान उभारणे हे एक काम आणि ते चालविणे हे दुसरे. पहिले काम एका पिढीचे, दुसरे अनेक पिढ्यांचे. आणि खरी कसोटी या दुसऱ्या कामातच लागते.

मध्ययुगात मोठ्या जमीनदारांनी मठ स्थापावेत ही चाल केवळ आपल्याच देशात होती असे नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात वॉल्टर एस्पेक नावाचा एक बलाढ्य सरदार होता. हेल्म्सली हे त्याचे ठाणे. त्याने इ. स. ११३२ मध्ये आपल्या जमिनीपैकी एका दरीतील जागा सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांना दिली आणि तेथे रिव्हो नावाचा प्रसिद्ध मठ उभा राहिला. एस्पेकला पोटचे मूल उरले नाही. त्याची जहागीर बहिणींच्या घराण्यांत वाटली गेली. मात्र मठ पुढे चारशे वर्षे नांदला. आपले नाव व आपले पुण्य आपल्यामागे कोणी तरी सांभाळावे, ही आकांक्षा यॉर्कशायरच्या थंडीत जशी होती तशीच सह्याद्रीच्या पायथ्याशीही होती. तिचे एक अस्सल मराठी उदाहरण खानदेशात आहे.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या नैऋत्येस, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण आहे. आज त्याला पाटणादेवी म्हणतात. सभोवार दाट झाडी, पावसाळ्यात खळाळणारे ओढे, एका बाजूस चंडिकादेवीचे देऊळ, दुसऱ्या बाजूस जुने कोरीव महादेवाचे मंदिर आणि जवळच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. या निर्जन वाटणाऱ्या रानात बाराव्या शतकात भरभराटलेले नगर होते आणि त्यावर निकुंभ घराण्याचा अंमल होता. निकुंभ आपणांस सूर्यवंशी म्हणवीत. त्यांच्या ताब्यात सोळाशे गावे होती असे त्यांचे लेख सांगतात. ते स्वतंत्र सम्राट नव्हते. देवगिरीच्या यादवांचे ते मांडलिक. आपल्या मुलखात वसूल घ्यावा, प्रसंगी धन्यासाठी लढावे आणि जमेल तेवढा दानधर्म करावा, असा त्यांचा शिरस्ता होता.

या घराण्यात इंद्रराज नावाचा पुरुष झाला. त्याने पाटण येथे महादेवाचे देऊळ बांधावयास घेतले, परंतु ते पुरे होण्याआधीच तो निवर्तला. मुलगा गोवन अज्ञान असल्यामुळे राणी श्रीदेवी हिने कारभार हाती घेतला, आणि शके १०७५ मध्ये, म्हणजे इ. स. ११५३ च्या सुमारास, ते देऊळ पूर्णत्वास गेले. पतीचे अपुरे राहिलेले काम मुलाच्या नावाने तडीस नेणारी ही राणी आपल्या इतिहासात जितकी स्मरणात राहावयास हवी तितकी राहिली नाही. गोवनाचे पुत्र सोइदेव व हेमाडिदेव. यांच्याच वेळी पाटणला एक निराळ्या जातीचे धर्मकृत्य घडले. ते देवळाचे नव्हते, विद्येचे होते.

भास्कराचार्यांचे नाव महाराष्ट्रात कोणास सांगावे लागत नाही. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचिला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर. त्याची कीर्ती ऐकून यादवराजा जैत्रपाल याने त्यास आपल्या पदरी नेले व पंडितांचा अग्रणी केले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव. हा यादवराजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी झाला. राजसभेत मान मिळाला, धन मिळाले; तथापि आजोबांचे ग्रंथ समजावून सांगणारा कोणी उरला नाही तर ते पोथ्यांच्या बासनातच कुजतील, ही जाणीव या नातवास होती. म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला, आणि सिद्धान्तशिरोमणि आदिकरून भास्कराचार्यांचे ग्रंथ व त्यांच्या कुळातील इतरांनी रचिलेले ग्रंथ या मठात नियमाने शिकविले जावेत, असा संकल्प शिळेवर कोरविला.

मठ स्थापन झाला खरा, परंतु विद्यार्थी काय वाऱ्यावर जगतात? येथे निकुंभांचा हात पुढे आला. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. अशा मुहूर्तावर सोइदेवाने सर्व लोकांसमक्ष हातावर पाणी सोडून मठास दान दिले. संवत्सराचे नाव आणि ग्रहण यांची गणिताने सांगड घालून विद्वानांनी ही तिथी ९ ऑगस्ट १२०७ अशी ठरविली आहे. या प्रसंगात एक मोठे औचित्य आहे. ग्रहणकाळी दान द्यावे हा धर्मशास्त्राचा नियम. आणि ग्रहण केव्हा व किती लागेल हे गणिताने काढावे हा त्या मठातील पाठाचा विषय. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो म्हणून त्यास ग्रहण लागते, हे सिद्धान्तग्रंथ स्पष्ट सांगतात. त्या रात्री श्रद्धा आणि शास्त्र यांनी एकमेकींस दूर लोटिले नाही, आणि त्याच ग्रहणाच्या आधाराने आठशे वर्षांनंतर आपणांस त्या दानाचा दिवस निश्चित सांगता येतो.

आता या शिलालेखातील सर्वांत बोलक्या भागाकडे वळू. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. निकुंभांचा पराक्रम, भास्कराचार्यांची वंशावळ, चांगदेवाचा गौरव, हे सारे पद्यांत सजविलेले आहे. परंतु शेवटी शेवटी भाषा एकाएकी बदलते आणि ओळी जुन्या मराठीत उतरतात. त्या ओळींत काय आहे? तर जमाखर्च. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला आहे. नगरानेही आपल्या वतीने गिऱ्हाइकांकडून काही आकार देऊ केला आहे. पोफळांचा, म्हणजे सुपाऱ्यांचा, उल्लेख आहे. पाच पोफळी असा आकडाही आहे. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या घाण्यांकडून प्रत्येकी पळीभर तेल मठाला द्यावयाचे आहे. जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापणावळीतील निम्मे मठाला व निम्मे मापाड्याला जावे.

ही भाषा का बदलली, हा प्रश्न लहान नाही. दानाची स्तुती राजांनी व पंडितांनी वाचावयाची होती, म्हणून ती संस्कृतात आली. दानाचा बोजा मात्र तेल्याने, वाण्याने, मापाड्याने आणि बाजारास आलेल्या कुणब्याने उचलावयाचा होता. त्यास कळावे म्हणून कलमे मराठीत आली. लेखात नाव सोइदेवाचे आहे. त्याने आपल्या हक्काचा वसूल सोडला, ही त्याची उदारता निःसंशय मोठी. तरी पण तो वसूल मुळात ज्यांच्या घामातून येत होता त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. लीलावतीतील उदाहरण सोडविणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यात जे तेल जळत होते ते पाटणच्या घाण्यांतले होते. आजोबांची विद्या, नातवाची निष्ठा, सरदाराचे औदार्य आणि तेल्याची पळी, या चौघांच्या आधारावर तो मठ उभा होता. यांतील एकही काढून घेतला असता तर विद्या तेथे एक रात्रही टिकती ना.

दानपत्रांच्या अखेरीस पुढील राजांना विनवणी असते. येथेही आहे. सोइदेवाने जे दिले, हेमाडिदेवाने व इतरांनी जे काही दिले, ती भूमी आदिकरून सर्व पुढे होणाऱ्या राजांनी सांभाळावे, त्यांचे पुण्य वाढेल, असा तिचा आशय. या विनवणीत एक भय लपलेले आहे. देणाराला ठाऊक असते की आपण आज देतो ते उद्या कोणी काढून घेईल. सोइदेवाच्या मागे त्याचा भाऊ हेमाडिदेव गादीवर आला. लवकरच निकुंभांचे नाव इतिहासातून दिसेनासे होते. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर घाला घातला आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपुष्टात आले. पाटणची पेठ मोडली, घाणे थांबले, मठ नाहीसा झाला आणि रानाने आपली जागा परत घेतली.

इंग्लंडातील रिव्होचेही शेवटी निराळे झाले नाही. तेथे आठव्या हेन्री राजाने इ. स. १५३६ पासून १५४० पर्यंत देशातील सर्व मठ मोडून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. त्यात १५३८ मध्ये रिव्हो बुडाला. छप्परावेगळ्या कमानी तेवढ्या आज उभ्या आहेत. तेथे स्वदेशीच्या राजाने मोडले, येथे राज्यच बदलले; पण दोन्हीकडे दात्याची ती विनवणी निष्फळ ठरली.

मग चांगदेवाचा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येणार नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ मठाबरोबर बुडाले नाहीत. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक या पंडिताने ती इंग्रजीत नेली. गावोगावचे पंतोजी व जोशी पोथ्या उतरवून घेत राहिले. कोणा एका मठाच्या भिंतीत कोंडलेली नव्हती, म्हणूनच ही विद्या वाचली.

आणि तो शिलालेख? तो पाटणच्या देवीच्या देवळात शतकानुशतके तसाच राहिला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी त्याचा शोध लावून १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे मांडिला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी त्याचे बारकाईने संपादन करून तो १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील राजांनी जे सांभाळिले नाही ते एका वैद्याने व एका शिक्षकाने सांभाळिले.

गावोगावी आजही शाळा, वाचनालये, वसतिगृहे उभी राहतात. दारावर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लागतात. त्या लागाव्यात, दात्याचा मान व्हावा. परंतु पाटणच्या शिळेवरील शेवटच्या मराठी ओळी कोणीही संस्थाचालकाने विसरू नयेत. संस्था पाटीवरच्या नावाने सुरू होते, आणि चालते ती घाण्यामागे पळीभर येणाऱ्या तेलावर. ते तेल घालणारा हात जोवर ओळखला व मानला जातो, तोवरच दिवा तेवत राहतो.