शिवोलीची कॅसेट

विरार फास्टमधून कुणी उतरत नाही, त्याला उतरवलं जातं. आज तुम्हालाही उतरवणार आहेत. दादरपासून कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत रुतलंय, नायगाव गेलं, मागून रेटा सुरू झाला. बॅग पुढे घ्या, डोळे मिटा, अंग सैल सोडा. आणि... उतरलात. पायाखाली फलाट लागत नाही ना? लाल माती लागतेय. चपलेत शिरली, तापलेली आहे.

ही गोव्यातली, बार्देशातली शिवोली. सालाची फार चौकशी करू नका. आपण 1984 च्या आसपास आहोत.

आधी वास येईल. काजूची बोंडं कुठेतरी आंबतायत, जवळच्या भट्टीवर उर्राक उतरतोय. गोड, आंबूस, थेट डोक्यात जाणारा वास. त्यात खाडीकडून चिखल आणि सुक्या मासळीचा वारा. दुपारचे तीन वाजलेत, शर्ट पाठीला चिकटलाय. घामाचं तुम्हाला काही नवल नाही, नवल आहे ते गर्दी नसण्याचं. दोन्ही हात एकदम हलवता येतायत. हलवून बघा.

मोबाइल बाहेर काढू नका, पोरं जमतील. पाचशेची नोट तर मुळीच दाखवू नका. ती छापायला अजून काही वर्षं आहेत आणि इथल्या हवालदाराला विनोद कळेलच असं नाही.

बाकी गाव तुम्हाला परकं वाटणार नाही. कौलारू घरं, अंगणात क्रूस, माडांच्या सावलीत विहीर. आपल्या वसईतल्या गिरिज-निर्मळकडची एखादी वाडीच म्हणा. फरक एवढाच, की वसईतून पोर्तुगीज 1739 साली गेले आणि इथे 1961 पर्यंत राहिले. तेवढ्या काळात गावागावांतल्या चर्चच्या शाळांनी पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं. म्हणून एखाद्या घरातून गिटार ऐकू आली तर इथे कुणी मान वर करत नाही. ती म्हातारी बघा, तांदूळ निवडतेय ती. तिनं नाही केली.

पण या समोरच्या खिडकीतून येतंय ते जरा वेगळं आहे. एकच माणूस तीन सुरांत गातोय.

या, खिडकीखाली बसा. शिंक आली तर दाबा, नाहीतर ती कॅसेटवर जाईल आणि गोव्यातल्या घराघरांत वाजेल.

आत आहे तो रेमो फर्नांडिस. तिशीचा आहे, मुंबईच्या जे.जे.मधून आर्किटेक्ट झाला, मग युरोप-आफ्रिकेत लोकांच्या गाड्यांना हात करत हिंडला आणि शेवटी गावी परतला. त्याच्यासमोर टेबलावर जे यंत्र दिसतंय, त्याचं नाव पोर्टास्टुडिओ. काम साधं आहे, पण जिवावर येणारं. नेहमीच्याच कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्ट्या. एकीवर ताल भरायचा, दुसरीवर बास, तिसरीवर गिटार. मग तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, पहिल्या तीन पुसायच्या आणि पुन्हा भरायला घ्यायच्या: बासरी, आवाज, दुसरा आवाज. एकदा मिसळलं की मिसळलं. बास मोठा झाला? आता जन्मभर मोठाच. शिवाय प्रत्येक उतरवणीला फितीची सळसळ थोडी वाढते, ती वेगळीच.

आणि बाहेरचं गाव काही स्टुडिओ नाही. ऐका. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला, त्याचा भोंगा. पाठोपाठ कुत्री. परसात डुकरं. माडावर कावळ्यांची सभा. सगळं शांत होईपर्यंत थांबायचं, मग सुरुवात करायची, आणि नेमकी कडव्याच्या मध्यावर वीज जाते. सूर खाली घसरतो, जाडा होतो, थांबतो. आतून एक सुस्कारा. तुम्हालाही हसू येतंय, कारण भारनियमन वसईकराला कुणी समजावून सांगायला नको.

मुंबईतल्या कंपन्यांकडे का जात नाही हा? त्यांची दुकानं हिंदी सिनेमावर चालतात. गोव्यातल्या आयुष्यावरची इंग्रजी गाणी, तीही कुणा शिवोलीकरानं रचलेली, कोण काढणार? म्हणून शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यं त्यानंच वाजवलेली, सगळे आवाज त्याचेच, रेकॉर्डिंग त्याचं आणि कव्हरचं चित्रही त्याचंच. कॅसेटचं नाव ‘गोअन क्रेझी’.

आता उठा, घोटे आखडले असतील. शुक्रवार उजाडलाय, म्हापशाला जायचं. बस आली, आत शिरा. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतोय, ‘‘फुडें वच, फुडें!’’ एका मावशीची कोंबडी तुमच्या पावलावर बसलीय. बरं वाटलं ना? गर्दी भेटली एकदाची.

म्हापशाचा बाजार म्हणजे नाकाची परीक्षा. चोरिसांच्या लालभडक माळा, व्हिनेगर आणि मिरचीचा झणका. खारे बांगडे. मातीच्या भांड्यांची रांग. मयड्याची थोरली केळी दिसतील. सुकेळी खाऊन वाढलेल्या माणसानं उगीच नाक मुरडू नये, एक खाऊन बघावं. मधूनच हणजुण्याहून आलेले अनवाणी गोरे, अंगाला पचौलीचा वास, पपईच्या दोन-चार आण्यांसाठी तास तास घासाघीस करणारे.

कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या दुकानात कॅसेटी विकतात. एका फळीवर आल्फ्रेड रोझ, दुसरीवर लता, तिसरीवर बोनी एम. तेवढ्यात पिवळी स्कूटर येऊन थांबते. लांब केसांचा तो शिवोलीचाच, खांद्याला पिशवी, पिशवीत कॅसेटी. कलाकारही तोच, कंपनीही तोच, डिलिव्हरीवालाही तोच. अशीच तो दुकानामागून दुकानं करणार. हाच माणूस पुढे देशाला ‘हम्मा हम्मा’ म्हणायला लावणार आहे आणि 2007 साली पद्मश्री घेणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. जिभेवर आलं तरी गिळा. स्कूटरला किक मारू द्या त्याला.

दुकानदार कॅसेट घालतो. बटण दाबल्याचा खटका, मग सळसळ, मग गिटार. आता गाण्याकडे नको, ऐकणाऱ्यांकडे बघा. मासळीची पाटी घेतलेली बाई थांबली. दोन कॉलेजकुमार एकमेकांना ढोसतायत. रॉक त्यांनी पूर्वीही ऐकलंय, पण ते नेहमी लंडनहून किंवा अमेरिकेहून यायचं आणि त्यातले रस्ते, त्यातल्या पोरी, त्यातला पाऊस सगळं तिकडचं असायचं. याच्या गाण्यांत गोवा आहे. बिघडलेले टेलिफोनसुद्धा आहेत. आपली रडकथा ड्रमच्या ठेक्यावर ऐकताना माणूस आधी चमकतो, मग हसतो, मग पाकीट काढतो.

योगायोग बघा. 1984 मध्येच पार बुएनोस आयर्समध्ये ‘सोडा स्टिरिओ’ या तिघांची पहिली रेकॉर्ड निघते, आपल्या गल्लीतल्या स्पॅनिशमधलं रॉक. त्यांना म्हापसा ठाऊक नाही, म्हापशाला ते. पण खाज एकच: ही गिटार जर आपल्या हातात आहे, तर तिच्यावर दुसऱ्याचं गाव का वाजवायचं? तिकडच्यांनी रॉकला आपली भाषा दिली, इकडच्यानं आपलं गाव दिलं. भाषेचंही बाकी राहिलं नाही. पुढच्याच वर्षी तो ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये कोकणी आणि पोर्तुगीज जुनी गाणी घेऊन येतो.

रात्र झाली. परत शिवोली. वीज गेलेलीच आहे, पण बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर आहे आणि घरापुढच्या बाल्कांवावर दहा-बारा माणसं. डास कडकडून चावतायत. तुमच्या हातात ग्लास आलाय. उर्राक लिंबू घालून पितात, घाई करू नका. बॅटरी उतरली, टेप लडखडला, तर कुणीतरी गिटार ओढली. एकेक जण आपल्या वाड्याचं काहीतरी म्हणतोय. गिटार फिरत फिरत तुमच्यापाशी आली.

म्हातारी विचारते, ‘‘खंयच्यान आयल्यात तुमी?’’

‘‘वसई.’’

‘‘मागीर वसयेचें म्हणात.’’

हिंदी सिनेमाचं चालणार नाही, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ तर नाहीच. डोकं खाजवू नका, माल भरपूर आहे. आजीनं लग्नात म्हटलेली सामवेदी गाणी आहेत. वरातीचा बँड आहे. पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या बायका आहेत. पाण्याच्या टँकरवर तर तीन कडवी सहज होतील, आणि ध्रुवपदाला अख्खी सोसायटी येईल. चाल सुचत नसेल तर टेबलावर ठेका धरा, ही मंडळी सूर लावतील.

चला, पहिली ओळ.