पाणी तपासलं, जाळी राहिली

आपल्या सोसायटीच्या टँकशेजारी सूचनांची पाटी आहे. आंघोळ करून उतरा, टोपी घाला, त्वचारोग असल्यास पाण्यात येऊ नका, खाद्यपदार्थ आणू नका. बहुतेक सगळ्या सूचना स्वच्छतेच्या. पाटी लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. पोहण्याच्या तलावांवरची सरकारी देखरेख जगभर सुरू झाली तीच घाणीच्या भीतीतून, आणि कितीतरी वर्षे ती तिथेच अडकून पडली होती.

आपल्या आजोबांची पिढी पोहायला शिकली विहिरीत, पाठीला सांगड नाहीतर सुका भोपळा बांधून. विहिरीला ना लायसन, ना इन्स्पेक्टर. पण तिचा धोका निदान दिसायचा: काळं पाणी, शेवाळलेली पायरी. टँकचं पाणी निळंशार, तळ स्वच्छ दिसतो, म्हणून आपण निर्धास्त.

इंग्लंडमध्ये 1846 च्या कायद्याने नगरपालिकांना सार्वजनिक स्नानगृहे आणि कपडे धुण्याची घरे बांधण्याची मुभा मिळाली. पुढे त्यांना पोहण्याचे हौद जोडले गेले. तेव्हा फिल्टर नव्हता. हौद भरायचा, काही दिवस वापरायचा आणि रिकामा करून पुन्हा भरायचा. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग, आणि पाणी मळत जाईल तसं तिकीट स्वस्त! गरिबांची पोरं कुठल्या दिवशी यायची हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत 1910 साली ब्राउन विद्यापीठाच्या तलावात बंकर नावाच्या विद्यार्थ्याने क्लोरीनयुक्त रसायन टाकून पाण्यातले जंतू मारून दाखवले. 1926 मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनच्या समितीचा सार्वजनिक तलावांविषयीचा अहवाल आला. त्यात पोलिओची धास्ती होतीच. साथ आली की उन्हाळ्यात तलाव बंद व्हायचे. साहजिकच आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला यायचा तो पाण्याचा नमुना घ्यायला. क्लोरीन बरोबर निघालं की तलाव पास.

आता यातली गोम अशी. पाणी स्वच्छ ठेवायचं तर ते सतत फिरतं हवं. म्हणून पंप आला. पंप तळाच्या जाळीतून आणि कडेच्या झरोक्यांतून पाणी ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि परत सोडतो. सगळं पाणी साधारण सहा ते आठ तासांत एकदा गाळून निघतं. रोगराईवरचा हा उत्तम उपाय. पण ज्या तळाच्या जाळीतून पाणी ओढलं जातं, तिच्यावर कुणी बसलं किंवा पोट टेकलं, तर पाण्याची वाट बंद होते आणि पंप माणसालाच ओढू लागतो. हिशेब सोपा आहे. वीस सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ होतं सुमारे 314 चौरस सेंटिमीटर. तिथे हवेच्या दाबाच्या निम्मी जरी पोकळी झाली, तरी ओढ दीडशे किलोंच्या वर जाते. एवढ्या ओढीतून मूल कसं सुटणार? लांब केस जाळीत गुंततात ते वेगळंच. आणि हे सगळं क्लोरीन अगदी बरोबर असताना.

1993 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात, वस्तीच्या क्लबच्या लहान मुलांसाठीच्या उथळ तलावात पाच वर्षांची एक मुलगी सक्शनवर बसली. जाळी जागेवर नव्हती. मुलगी वाचली, पण पोटाला झालेली इजा जन्मभराची ठरली. 1997 मध्ये ज्युरीने जाळी बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध अडीच कोटी डॉलरचा निकाल दिला. मुलीचे वकील जॉन एडवर्ड्स पुढे सेनेटर झाले. निकाल गाजला, देशभराचा नियम मात्र झाला नाही.

जून 2002 मध्ये व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या हौदात तळाच्या सक्शनला चिकटली. आईने ओढलं, सुटली नाही. अखेर दोन मोठ्या माणसांनी ओढून काढली तेव्हा जाळीच तुटली. मुलगी गेली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. आई काँग्रेसपुढे साक्षीला उभी राहिली, आणि 19 डिसेंबर 2007 रोजी मुलीच्या नावाचा कायदा झाला. (तो एका भल्यामोठ्या ऊर्जाविषयक विधेयकाच्या पोटात घालून मंजूर झाला. संसदेतल्या गमतीजमती सगळीकडे सारख्याच!) एवढं वजनदार घराणं मागे असूनही पाच वर्षं लागली.

वर्षभराने कायदा लागू झाला. सार्वजनिक तलावांच्या जाळ्या ठरलेल्या मानकाच्याच हव्यात, आणि शरीराने झाकलं जाईल असं एकच सक्शन असेल तर जोडीला दुसरी सोय हवी, उदाहरणार्थ पंप आपोआप बंद करणारी. पण गोष्ट इथे संपत नाही. मे 2011 मध्ये सुमारे दहा लाख जाळ्या परत मागवाव्या लागल्या. त्यांच्यावर पाण्याच्या प्रवाहाची जी मर्यादा छापलेली होती तीच चुकीची होती. शिक्का होता, सुरक्षितता नव्हती.

आपल्याकडे पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस 3328 हे भारतीय मानक आहे, 1993 चं. लायसनची कथा मजेशीर आहे. दिल्लीत अगदी जून 2025 पर्यंत पोहण्याच्या तलावांचा परवाना पोलीस देत असत, हॉटेलं, डिस्कोथेक आणि व्हिडिओ गेम पार्लरांच्या रांगेत बसवून. म्हणजे तलाव ही करमणुकीची जागा! मग ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. पोलीस पाहणार गर्दी आणि गोंधळ. पंपाची ओढ किती हे त्यांनी मोजावं अशी अपेक्षा मला तरी रास्त वाटत नाही.

डिसेंबर 2023 च्या अखेरीस बंगळुरूच्या एका गृहसंकुलात टँकपाशी एक लहान मुलगी दगावली. आधी बुडाली असं वाटलं, तपासात विजेचा धक्का निघाला. फेब्रुवारीत सात जणांना अटक झाली, त्यात रहिवाशांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. तुमच्या-आमच्यासारखेच, नोकरीधंदा सांभाळून कमिटीचं काम करणारे.

आपल्या टँकचा पाणी-तपासणीचा रिपोर्ट दर महिन्याला ऑफिसात लागतो. पण तळाला सक्शन एकच आहे. जाळी सपाट, चार स्क्रूंची. पंपाचं बटण बी विंगच्या मागच्या पंप रूममध्ये, आणि किल्ली वॉचमनकडे. मुलं पाण्यात असताना काही झालं, तर तिथवर पळत जाऊन पंप बंद करायला किती वेळ लागेल ते ज्याने त्याने चालून पाहावं. दुसरं सक्शन पहिल्यापासून किमान तीन फुटांवर, घुमटाकार जाळ्या, टँकच्या काठावर पंप बंद करायचं लाल बटण आणि दिव्यांच्या लाइनला ईएलसीबी, एवढं मागणारा अर्ज मी कमिटीकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातवा आहे, रंगकामाच्या नंतर. रंगकामाच्या आधी घ्यावा, अशी सूचना मी सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.