गॅसभरित शॉक ॲब्सॉर्बर

चाकांची वर-खाली होणारी हालचाल आटोक्यात ठेवणारे, तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वापरणारे वाहनातील उपकरण. गॅरेजमध्ये त्याला ‘गॅसचे शॉकअप’ म्हणतात आणि गाडी गॅसवर तोललेली असते, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, हालचालीला विरोध तेल करते आणि त्या तेलाला फेस येऊ न देणे हे गॅसचे मुख्य काम. ते दुय्यम वाटले, तरी त्यावाचून ऐन खराब रस्त्यावर तेलाचा जोर ओसरतो.

चाक खड्ड्यात आदळले की स्प्रिंग दबते आणि मोकळी होताना गाडीला वर ढकलते. अडवणारे काही नसेल तर गाडी बराच वेळ हेलकावत राहते. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीत तेल भरलेले असते आणि त्यात रॉडला जोडलेला पिस्टन सरकतो. पिस्टनला बारीक छिद्रे असतात व त्यांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची झडप. तेलाला तेवढ्याशा फटीतून वाट काढावी लागते, त्यात हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि ती नळीतून बाहेरच्या हवेत जाते. खडबडीत रस्त्यावर गाडी बराच वेळ पळवली की शॉक ॲब्सॉर्बर चांगलाच तापतो, तो यामुळे. रॉड बाहेर येताना विरोध जास्त आणि आत जाताना कमी, अशी झडपांची मांडणी बहुधा असते.

खरी अडचण रॉडमुळे येते. 11 मिलिमीटर जाडीचा रॉड 10 सेंटिमीटर आत शिरला, तर सुमारे साडेनऊ घन सेंटिमीटर तेलाला दुसरीकडे जागा लागते. तेल तर जवळपास दबतच नाही. म्हणून आत कुठेतरी दबू शकणारा वायू ठेवावाच लागतो. दुहेरी नळीच्या जुन्या रचनेत आतल्या व बाहेरच्या नळीमधल्या पोकळीच्या वरच्या भागात साधी हवा असे. चाक भराभर हलू लागले की ती तेलात घुसळली जाई. शिवाय वेगाने सरकणाऱ्या पिस्टनच्या मागे दाब एकदम उतरतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावे तसे विरघळलेल्या हवेचे बुडबुडे सुटतात. फेस सहज दबतो. त्यामुळे पिस्टनला पुरेसा विरोध मिळत नाही, चाक रस्त्यावरून उचलले जाते आणि चालकाची पकड नेमकी नको त्या क्षणी सुटू लागते.

यावर उपाय म्हणजे तेल कायम दाबाखाली ठेवणे. दाब मुळातच जास्त असला, की पिस्टनमागे तो कितीही उतरला तरी बुडबुडे सुटण्याइतका खाली जात नाही. 1950च्या दशकात फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांनी हे एकाच नळीत साधले. नळीच्या एका टोकाला नायट्रोजन भरला आणि तेल व गॅस यांच्यामध्ये मोकळा सरकणारा दुसरा पिस्टन घातला. ही रचना जर्मनीच्या बिल्श्टाइन कंपनीने कारखान्यात उतरवली आणि 1957 साली ती मर्सिडीज-बेंझच्या मोटारींत आली.

एकनळी प्रकारात दाब साधारण 25 बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दहापट असतो. टेबलावर ठेवलेल्या अशा शॉक ॲब्सॉर्बरचा रॉड आत ढकलून सोडला की तो आपोआप, सावकाश बाहेर येतो. वर सांगितलेल्या रॉडवर हा रेटा सुमारे 24 किलोंचा भरतो. नळी थेट हवेत असल्याने ती लवकर थंड होते आणि उलटीही बसवता येते. मात्र दगड लागून तिला पोचा पडला, तर पिस्टनच अडकतो. दुहेरी नळीत गॅसचा दाब बराच कमी ठेवतात. ती स्वस्त पडते आणि बाहेरचा पोचा सोसते, पण गॅस व तेल एकमेकांना भिडलेले असल्याने ती साधारण उभीच बसवावी लागते.

नायट्रोजन कोरडा आणि सहसा कशाशी अभिक्रिया न करणारा असतो. त्याने तेल खराब होत नाही, आत गंजही धरत नाही. वर तो स्वस्त.

1955 सालच्या सित्रोएन डीएस मोटारीतही नायट्रोजन होता, पण तिथे गोलांत कोंडलेला गॅस हीच स्प्रिंग होती. दोन्हींची गल्लत करू नये.

महाराष्ट्रात शॉक ॲब्सॉर्बर बनवण्याची परंपरा जुनी आहे. गॅब्रिएल इंडियाने 1961 साली मुलुंडला सुरुवात केली, तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूजला एन्ड्युरन्स कंपनीचा मोठा व्याप उभा राहिला. गॅसचे शॉकअप गल्लीबोळांत ओळखीचे झाले ते पुण्याच्या बजाज ऑटोच्या पल्सर मोटारसायकलमुळे. ‘नायट्रॉक्स’ नावाच्या तिच्या मागच्या शॉकअपला चिकटलेले छोटे नळकांडे म्हणजेच गॅसची कोठी.

ऑइल सीलमधून गळणारे तेल, ब्रेक लावताच नाक खुपसणारी गाडी आणि टायरची ठिकठिकाणी होणारी झीज ही शॉक ॲब्सॉर्बर संपल्याची लक्षणे. निकामी झाल्यावरही एकनळी प्रकारात दाब टिकून असू शकतो. असा शॉक ॲब्सॉर्बर गॅस-कटरने कापणे किंवा आगीत टाकणे जिवावर बेतू शकते. भंगारात देण्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या जागी, डोळ्यांना चष्मा लावून बारीक भोक पाडतात आणि आधी गॅस, मग तेल काढून घेतात.