फळीची उंची आणि पंख्याचे बळ

यंत्रांच्या इतिहासात अश्वशक्तीची नोंद ठळकपणे होते. परंतु ते यंत्र किती उंचीवर बसवावे, या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या बाबीने त्या शक्तीचे भवितव्य कित्येकदा ठरविले आहे, याचा उत्तम दाखला लहान होड्यांच्या आउटबोर्ड मोटरच्या इतिहासात सापडतो.

नॉर्वेत जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत आलेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ साली मिलवॉकी येथे आपले यंत्र विक्रीस काढले. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने अशी यंत्रे त्यापूर्वीच बाजारात आणली होती. तथापि आडवा सिलिंडर, उभा दांडा, पाण्याखाली दिशा बदलणारी दातेरी चक्रे व पंखा, अशी एव्हिनरूडची सुटसुटीत घडणच पुढे या धंद्याचा कित्ता ठरली. दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे व ६२ डॉलर किमतीचे ते यंत्र मळसूत्री चिमट्यांनी होडीच्या मागील फळीवर आवळले, की वल्हवण्याचे कष्ट सरत.

परंतु बांधीव यंत्राच्या पंख्याची खोली जिथे नौका बांधणारा कारागीर ठरवीत असे, तिथे या सुट्या यंत्राची खोली फळीच्या उंचीच्या हवाली झाली. फळी उंच आणि दांडा आखूड असला, म्हणजे पंखा वरची हवा खाली ओढतो, पाण्याचा प्रतिरोध सुटतो, आणि यंत्र किंचाळत असता होडी मात्र रेंगाळते. उलटपक्षी ते फाजील खोल बसविले, तर त्याचा बुडालेला भागच वेगाला अडसर होतो आणि इंधन व्यर्थ जाते. म्हणून १५ इंचांच्या फळीस आखूड व २० इंचांच्या फळीस लांब दांडा, असा दस्तूर पडला. आणि पंख्याच्या माथ्यावरील आडवी पट्टी साधारणतः तळाच्या रेषेत ठेवून हवेची वाट अडविण्यात येऊ लागली.

वेगवान पंख्याच्या पात्यांवरील दाब घटून पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठणे, हा दोष निराळा. तो अभियंता चार्ल्स पार्सन्सच्या १८९४ सालच्या ‘टर्बिनिया’ नौकेस भोवला. गरम पाण्याच्या टाकीत लहान पंखे फिरवून पार्सन्सने या दोषाचा छडा लावला आणि तीन दांड्यांवर नऊ पंखे चढवून १८९७ साली स्पिटहेड येथे ब्रिटिश आरमारास थक्क केले.

दोष दोन, उपाय दोन. पण दोहोंतही अधिक शक्तीची मागणी करण्यापूर्वी पंख्याभोवतीच्या पाण्याची चौकशी करावी लागली. होडी मंदावली असता मोठे यंत्र विकत घेण्याची तजवीज करणाऱ्याने आधी चिमटे सैल करून फळी मोजावी, हाच या इतिहासाचा खरा उपदेश होय.