नारंगीचा हिवाळा

अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये कोकणात आला होता. त्याचं ‘सैमूर’ म्हणजे आपलं चौल. तिथल्या मुस्लिम वस्तीबद्दल त्याने जे लिहिलं, ते आपल्याकडे वारंवार सांगितलं जातं. त्याच्याच ‘मुरूज अल-जहब’मधली नारंगीची नोंद मात्र फारशी कुणी काढत नाही. हे झाड हिजरी 300 नंतर हिंदुस्थानातून नेलं गेलं, आधी ओमानात रुजलं, मग बसरा, इराक आणि शामपर्यंत पोचलं, असं तो लिहितो. आणि खंतही करतो की हिंदची हवा, माती, पाणी सुटलं तसा तिचा सुगंध आणि रंगही गेला.

झाडाबरोबर शब्दही गेला. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीत ‘नारंज’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’, आणि पुढे सुरुवातीचा ‘न’ गळून ‘ऑरेंज’. अंदलूसच्या मुसलमान बागाइतदारांनी आंबट नारंगी स्पेनमध्ये रुजवली. सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने बाराव्या शतकात शेतीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तिची लागवड आहे.

सेव्हिलमध्ये ती उघड्यावर जगते. पंचाईत झाली ती आल्प्सच्या उत्तरेला. नारंगी सदाहरित, पानं गाळून थंडीभर झोपी जाणं तिला माहीत नाही. म्हणून तिला कुंडीत लावून हिवाळ्यात आत न्यायचं ठरलं. पण कुंडीची स्वतःची एक अडचण असते. जमिनीतल्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीला गारठा चारही बाजूंनी लागतो आणि फांद्यांआधी मुळंच गोठतात. (जपानी बोन्सायवाले याच कारणाने कुंड्या थंडीत जमिनीत पुरतात किंवा पेंढ्याने झाकतात. मात्र त्यांच्या पाइनला थंडी हवीच असते. उबदार खोलीत ठेवला तर तो मरतो.)

हायडेलबर्गला शरद ऋतूत झाडांवर लाकडी घर उभारत, आत शेगड्या पेटवत आणि वसंतात सगळं मोडून ठेवत. शेगडीने ऊब यायची, पण हवा कोंडायची. इंग्रज बागप्रेमी जॉन इव्हलिन याने 1691 मध्ये बाहेरची ताजी हवा नळ्यांतून तापवून आत सोडायची युक्ती मांडली.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मार्ग वेगळा होता. अर्थमंत्री फुके याला 1661 मध्ये अटक झाली, तेव्हा त्याच्या बागेतली नारंगीची झाडंही राजाकडे आली. त्यांच्यासाठी 1684 ते 1686 या काळात वर्सायला नवं ‘ऑरेंजरी’ बांधलं गेलं. मुख्य दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती जाडजूड, खिडक्या दक्षिणेकडे आणि दुहेरी. शेगडी नाही, ऊन आणि दगड यांच्यावर काम भागायचं. झाडं लाकडी पेट्यांत. पेटीच्या बाजू उघडता येत, म्हणजे झाड न उपटता मुळं तपासता येत. ऑक्टोबरच्या मध्याला हजारभर पेट्या आत, मेच्या मध्याला बाहेर. या इमारतीचं श्रेय वास्तुकार मान्सारला मिळतं. पेट्या ओढणाऱ्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

मग 1709 चा जानेवारी आला. युरोपने क्वचितच पाहिलेली थंडी. वर्सायच्या राजवाड्यात पेल्यातली वाइन गोठल्याचं दरबारी लिहीत होते. गावागावांत पेरलेला गहू मातीतच मेला, भाकरी महागली, दुष्काळ पडला. पुढच्या वर्षभरात फ्रान्समध्ये थंडी, उपासमार आणि रोगराईने सुमारे सहा लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नारंगीला जशा जाड भिंती होत्या, तशा शेतकऱ्याच्या झोपडीला नव्हत्या. राजाने त्या वर्षी सोन्याची भांडी वितळवायला दिली, ती मुख्यतः युद्धाच्या खर्चासाठी.

वर्सायला अजून दर मेमध्ये पेट्या बाहेर निघतात. त्यातलं सर्वांत जुनं झाड 1421 मध्ये स्पेनच्या पाम्प्लोनात लावलं होतं, असं सांगत. ते 1894 मध्ये वाळलं. अरबांनी मात्र दरम्यान शब्द बदलला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी पसरवलेल्या गोड संत्र्याला ते ‘बुर्तुकाल’ म्हणतात, आणि ‘नारंज’ तेवढं आंबट फळापुरतं उरलं.