बहादूर (शब्द)

बहादूर हा शूर, पराक्रमी, धाडसी या अर्थाचा शब्द असून मराठीत तो फारसीच्या वाटेने आला आहे. त्यामुळे पुष्कळांचा समज तो मूळ फारसी असल्याचा होतो. प्रत्यक्षात त्याचे जुने रूप 'बगातुर' असे असून ते मध्य आशियातील तुर्की व मंगोल भाषांतले आहे. तेथून हा शब्द पूर्वेस मांचुरियापर्यंत, पश्चिमेस हंगेरी व पोलंडपर्यंत आणि दक्षिणेस भारतापर्यंत पोहोचला. मराठीत बहाद्दर, बहाद्दूर अशी रूपेही रूढ आहेत. नाम बहादुरी किंवा बहाद्दरी.

व्युत्पत्ती

तांग काळातील चिनी ग्रंथांत पश्चिम तुर्कांच्या सरदारांच्या नावांसोबत ही पदवी चिनी उच्चारात नोंदलेली आढळते. बाल्कन प्रदेशातील प्राचीन बल्गारांच्या ग्रीक लिपीतील शिलालेखांतही ती आहे. बल्गार हे त्या वेळी तुर्की भाषा बोलणारे होते. म्हणजे सुरुवातीच्या काळात हा शब्द गुणवाचक विशेषणापेक्षा दरबारी व लष्करी पदवी म्हणून अधिक वापरला जात असे.

त्याच्या मुळाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक पूर्वपदाचा संबंध प्राचीन इराणी 'बग' (देव, स्वामी) या शब्दाशी जोडतात. संस्कृत 'भग' हा त्याच कुळातला. काहींच्या मते संपूर्ण शब्दच तुर्की-मंगोल आहे. 'बहा' म्हणजे मूल्य आणि 'दुर' म्हणजे मोती अशी फारसी फोड कधीकधी सांगितली जाते. ती ऐकायला गोड असली तरी ग्राह्य धरता येत नाही, कारण जुन्या रूपांत 'ह' नाहीच, 'ग' आहे. मध्ययुगीन मंगोल भाषेत हा 'ग' झिजून 'बाआतुर' असा उच्चार झाला आणि दोन स्वरांमधील त्या रिकाम्या जागी फारसीत 'ह' आला, असा क्रम मानला जातो.

मध्य आशिया व मंगोलिया

चंगीझखानाचा पिता येसुगेई याच्या नावापुढे ही पदवी लागते. आधुनिक मंगोल भाषेत तिचे रूप 'बातार' आहे. राजधानीला १९२४ मध्ये दिलेल्या उलानबातार या नावाचा अर्थ 'लाल वीर' असा होतो, आणि क्रांतिनेता सुखबातार याच्या नावाचा 'परशूवीर'. कझाकमध्ये 'बातिर', किर्गिझमध्ये 'बातिर' किंवा 'बाआतिर' अशी रूपे असून कोब्लांदी बातिरसारखी वीरकाव्ये या शब्दावरच उभी आहेत. सोव्हिएत काळात 'सोव्हिएत संघाचा वीर' या सन्मानासाठी कझाक भाषेने हाच जुना शब्द कामी लावला. चीनच्या चिंग राजवटीत मांचू 'बातुरु' ही रणांगणावरील पराक्रमाबद्दल दिली जाणारी पदवी होती.

पूर्व युरोप

रशियन लोकगाथांतील इल्या मुरोमेत्स, दोब्रिन्या निकितिच आदी योद्ध्यांना 'बोगातिर' म्हणतात. रशियनमध्ये 'बोगाती' म्हणजे श्रीमंत. परंतु तो स्वतंत्र स्लाव्ह शब्द असून दोहोंतील साम्य योगायोगाचे आहे. ज्या गवताळ प्रदेशातील स्वारांशी हे वीर गाथांमधून लढतात, त्यांच्याच भाषेतून त्यांना हे नाव मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पोलिश 'बोहातेर' या शब्दाचा अर्थ वीर असाही होतो आणि कादंबरीचा नायक असाही. हंगेरियन 'बातोर' (धीट) हाही बहुधा याच कुळातला.

भारत व महाराष्ट्र

मोगलांनी ही पदवी भारतात सर्वत्र नेली. दख्खनचा सुभेदार बहादूरखान याच्यामुळे भीमाकाठच्या पेडगावातील किल्ल्याला बहादूरगड हे नाव पडले. (वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण ती याच पेडगावची.) १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून येथे आणण्यात आले होते, आता या किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात. मात्र हा शब्द मराठ्यांनी केवळ शत्रूचा म्हणून टाकला नाही. औरंगजेबाच्या छावणीवर धाड घालणाऱ्या विठोजी चव्हाणांना छत्रपती राजाराम महाराजांनी 'हिंमतबहाद्दर' हा किताब दिला, आणि तो त्यांच्या घराण्याकडे चालत राहिला. बाजीराव-मस्तानी यांचा पुत्र समशेरबहाद्दर पानिपतच्या युद्धात जखमी होऊन १७६१ मध्ये मरण पावला.

ईस्ट इंडिया कंपनीला लोक 'कंपनी बहादूर' म्हणत. पुढे इंग्रज सरकारने रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर असे किताब वाटले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे रावबहादूर होते. या किताबांना रणांगणाशी काही कर्तव्य नव्हते; ते नोकरी, दानधर्म वा राजनिष्ठा यांबद्दल मिळत. स्वातंत्र्यानंतर ते देणे बंद झाले.

नेपाळमध्ये 'बहादूर' हे पुरुषांच्या नावातील मधले पद म्हणून अत्यंत प्रचलित आहे. त्यावरून भारतीय शहरांत कोणत्याही नेपाळी पहारेकऱ्याला, त्याचे नाव काहीही असले तरी, 'बहादूर' अशी हाक मारली जाते. उच्चारात गौरव असला तरी माणसाचे स्वतःचे नाव पुसणारी ही हाक अवमानकारक मानली जाते. मराठी बोलण्यातही 'बहाद्दर' उपरोधाने येतो: 'सगळे कामाला गेले, हा बहाद्दर मात्र घरी झोपून.' कौतुकाच्या 'वा रे बहाद्दर'मध्ये आणि या वाक्यात फरक केवळ स्वराचा असतो.